खटक्या पडला, पण पॅलाडिनचा हात लागू पडेना
प्रकरण अभ्यास: डंजन्स अँड ड्रॅगन्समधला क्रीचर टाइप आणि एका लढाईतले पाच निर्णय

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक जिवाला एक क्रीचर टाइप असतो, म्हणजे तो कोणत्या प्रकारचा जीव आहे याची नोंद. एकूण १४ टाइप आहेत: ॲबरेशन, बीस्ट, सेलेस्टियल, कन्स्ट्रक्ट, ड्रॅगन, एलिमेंटल, फे, फीन्ड, जायंट, ह्युमनॉइड, मॉन्स्ट्रॉसिटी, ऊझ, प्लांट आणि अनडेड. २०१४च्या प्लेयर्स हँडबुकमधून बनवलेलं कॅरेक्टर ह्युमनॉइडच असायचं, म्हणून खेळाडूंनी बरीच वर्षं या रकान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाइपची भानगड डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) राक्षसांपुरती सांभाळायची, असाच रिवाज होता. मग २०२१मध्ये खेळाडूंसाठी फेअरी आली, ती फे टाइपची. २०२२च्या स्पेलजॅमर संचाने तर रांगच लावली: ऑटोनोम हा कन्स्ट्रक्ट, प्लाझ्मॉइड हा ऊझ, थ्री-क्रीन हा मॉन्स्ट्रॉसिटी. आता टाइपचा प्रश्न थेट खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवर येऊन बसला.

हे प्रकरण आमच्या रविवारच्या टेबलावरचं आहे. डीएम मी. पुस्तकं २०१४च्या नियमांची, जोडीला झॅनाथर्स गाइड आणि स्पेलजॅमर. चार कॅरेक्टर्स, सगळी पाचव्या लेव्हलची. खटक्या हा ऑटोनोम रोग (rogue), म्हणजे नोम कारागिराने पत्र्याचा घडवलेला चोरटा, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, पूर्ण हिट पॉइंट (जीव किती उरला याचा आकडा) ३८. झुळूक ही फेअरी सॉर्सरर, म्हणजे जादूगार. एक मानव पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा. आणि लाइफ डोमेनचा ड्वार्फ क्लेरिक (पुजारी), जो काका खेळतात. काका आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. तिसरी आवृत्ती ऐन भरात असताना त्यांनी खेळायला सुरुवात केली आणि ते नियम त्यांना अजून तोंडपाठ आहेत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

समोर दोन कल्ट फॅनॅटिक (जादू येणारे कट्टर पंथीय) आणि त्यांनी पाळलेला एक ओगर (धिप्पाड राक्षस).

पहिला पेच: होल्ड पर्सन

दुसऱ्या राउंडला पहिल्या फॅनॅटिकने खटक्यावर होल्ड पर्सन हा जागीच खिळवणारा स्पेल (मंत्र) टाकला. खटक्याच्या खेळाडूने सेव्हसाठी, म्हणजे स्पेल टाळायच्या फेकीसाठी, सवयीने डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) उचलला. मी म्हटलं, "थांब, फेकू नकोस." होल्ड पर्सनचा मजकूर ह्युमनॉइड निवडायला सांगतो आणि खटक्या कन्स्ट्रक्ट आहे. सेव्हचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग प्रश्न आला फॅनॅटिकच्या स्लॉटचा, म्हणजे स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीचा. तो गेला की वाचला? आणि आपला स्पेल का फसला हे त्याला कळलं का? याचं उत्तर झॅनाथर्स गाइडमध्ये स्वच्छ दिलेलं आहे: ज्याच्यावर स्पेल चालतच नाही अशावर तो टाकला तर काही होत नाही, पण स्लॉट खर्च होतो. आणि सेव्ह जमल्यावर ज्या स्पेलचा काहीच परिणाम होत नाही असा तो स्पेल असेल, तर टाकणाऱ्याला समोरच्याने सेव्ह जमवला असंच दिसतं. म्हणजे फॅनॅटिकला कळलं ते इतकंच, की हा पत्र्याचा बुटका मनाने भलताच खंबीर दिसतो. त्याचा दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट पाण्यात गेला. टेबलावर टाळ्या.

दुसरा पेच: कमांड

टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. दुसऱ्या फॅनॅटिकने खटक्यावर कमांड हा हुकूम पाळायला लावणारा स्पेल टाकला: "लोटांगण घाल!" खटक्याचा खेळाडू हसून म्हणाला, "हाही नाही लागणार."

लागतो. कमांडच्या मजकुरात ह्युमनॉइडचा उल्लेखच नाही. तो अनडेडवर चालत नाही, भाषा न कळणाऱ्यावर चालत नाही, आणि हुकूम थेट इजा करणारा असेल तर चालत नाही. खटक्या अनडेड नाही, त्याला कॉमन भाषा येते, आणि लोटांगणाने थेट इजा होत नाही.

"म्हणजे दुसऱ्या लेव्हलचा स्पेल मला काही करत नाही आणि पहिल्या लेव्हलचा करतो? हे कुठलं लॉजिक?"

इथेच या प्रकरणाची मेख आहे. पाचव्या आवृत्तीत टाइपला स्वतःचे नियम नाहीत. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून नियमपुस्तकं हे उघड सांगतात: टाइप स्वतःहून काही करत नाही, पण इतर नियम त्याच्याकडे पाहून वेगळे वागू शकतात. रेशनकार्डाच्या रंगासारखं आहे हे. केशरी रंग कुणाच्या पोटात तांदूळ घालत नाही. प्रत्येक खिडकीवर बसलेला माणूस रंग विचारतो आणि आपापल्या योजनेप्रमाणे ठरवतो. होल्ड पर्सनची खिडकी ह्युमनॉइड असाल तरच उघडते. कमांडची खिडकी फक्त अनडेडना हाकलते. म्हणून "कन्स्ट्रक्टला काय काय लागत नाही?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते "या स्पेलचा मजकूर काय म्हणतो?" एवढंच.

खटक्याने विज्डम सेव्ह फेकला: ९, मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) शून्य. हवे होते ११. ऑटोनोमला बिल्ट फॉर सक्सेस नावाची सोय असते: फासा पाहून झाल्यावर, पण निकाल लागण्याआधी, त्यात डी-फोर मिळवता येतो. त्याने तो वापरला. डी-फोरवर एक आला. दहा.

खटक्याने आपल्या टर्नला लोटांगण घातलं आणि टर्न तिथेच संपली. ओगरने खाली पडलेल्या खटक्यावर ॲडव्हान्टेजने (दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरत) सोटा हाणला. दोन डी-आठवर आठ आणि सहा, वर चार, एकूण १८. खटक्याकडे उरले होते १७.

तिसरा पेच: शून्यावर काय होतं?

काका लगेच म्हणाले, "संपला. कन्स्ट्रक्ट शून्यावर आला की मोडतो. डेथ सेव्ह-बिव्ह काही नाही."

काका उगाच बोलत नव्हते. तिसऱ्या आवृत्तीत टाइप म्हणजे नियमांचं अख्खं गाठोडं असायचं. कन्स्ट्रक्ट म्हटलं की कॉन्स्टिट्यूशन स्कोअरच नाही, विष लागत नाही, मनावरचे परिणाम लागत नाहीत, क्रिटिकल हिट लागत नाही, आणि शून्यावर आला की नष्ट. म्हणूनच २००४ला एबेरॉनमध्ये वॉरफोर्ज्ड खेळाडूंच्या हाती देताना त्यांच्यासाठी लिव्हिंग कन्स्ट्रक्ट हा खास उपप्रकार काढावा लागला. त्यात वॉरफोर्ज्ड शून्यावर मोडत नसे, पण बरं करणारे स्पेल त्याला निम्मेच लागत. ते गाठोडं पाचव्या आवृत्तीने सोडून दिलं. आज डेथ सेव्ह, म्हणजे मरणाच्या दारातून वाचायच्या फेकी, कॅरेक्टरला मिळतात ते तो खेळाडूचं कॅरेक्टर आहे म्हणून. तिथे टाइप कुणी विचारत नाही.

"म्हणजे गोलेम आणि खटक्या सारखेच?" काकांनी विचारलं.

टाइपने सारखे, बाकी काहीच सारखं नाही. गोलेमला विष चढत नाही ते त्याच्या स्वतःच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (गुणांच्या तक्त्यात) तसं लिहिलं आहे म्हणून. खटक्याला विषाच्या डॅमेजला रेझिस्टन्स (इजा निम्मीच) आणि पॉइझन्ड किंवा पॅरलाइज्ड होण्याविरुद्धच्या सेव्हला ॲडव्हान्टेज आहे, तेही त्याच्या मेकॅनिकल नेचर या गुणात लिहिलं आहे म्हणून. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला लागू होत नाही. काकांनी मान डोलावली, पण "आमच्या वेळी टाइप पाहिला की सगळं कळायचं" हे ऐकवूनच. यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. जुनी पद्धत एकदा पाठ केली की जलद चालायची. नवीन पद्धतीत दर वेळी मजकूर उघडावा लागतो.

चौथा पेच, आणि खरा वाद: हात ठेवला, पुढे काय?

पॅलाडिनची टर्न. तो खटक्याच्या शेजारीच होता. "ले ऑन हँड्स, दहा पॉइंट." हात ठेवून बरं करण्याच्या या शक्तीसाठी पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे २५ पॉइंटांचा साठा असतो, त्यातले दहा त्याने कागदावर खोडलेही.

मी त्याला ले ऑन हँड्सचं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. अनडेड आणि कन्स्ट्रक्टवर याचा काहीही परिणाम होत नाही.

"पण याला तर क्युअर वून्ड्स चालतं! त्याच्याच शीटवर लिहिलंय!"

चालतं, आणि का चालतं हे पाहण्यासारखं आहे. २०१४च्या क्युअर वून्ड्समध्येही अनडेड आणि कन्स्ट्रक्ट वगळलेले आहेत. पण ऑटोनोमच्या हीलिंग मशीन या गुणात पाच स्पेलांची नावं घेतलेली आहेत: क्युअर वून्ड्स, हीलिंग वर्ड, मास क्युअर वून्ड्स, मास हीलिंग वर्ड आणि स्पेअर द डाइंग. कन्स्ट्रक्टला एरवी न लागणारे हे स्पेल ऑटोनोमला लागतात, कारण त्याच्या निर्मात्याने त्याला तसा घडवला. खास नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो, हे तत्त्व प्लेयर्स हँडबुकच्या प्रस्तावनेतच दिलेलं आहे. पण मात तेवढ्यापुरतीच, जेवढं त्या खास नियमात लिहिलं आहे. ले ऑन हँड्स त्या पाचांत नाही. तो स्पेलसुद्धा नाही.

पॅलाडिनच्या खेळाडूचं म्हणणं असं: पाच नावं ही उदाहरणं आहेत, भावार्थ असा की याला बरं करता येतं. मला हे पटत नाही. उदाहरणादाखल नावं द्यायची असती तर मजकुरात तसं सुचवलं असतं. इथे मोजून पाच नावं घेऊन वाक्य संपवलं आहे. शिवाय काय वगळलंय ते पाहा. प्रेअर ऑफ हीलिंग नाही, हील नाही, मास हील नाही, पॉवर वर्ड हील नाही. लाइफ क्लेरिकचा प्रिझर्व्ह लाइफही कन्स्ट्रक्टला लागत नाही आणि यादीतही नाही. यादी मला अपुरी वाटते, पण बंद आहे याबद्दल शंका वाटत नाही.

गंमत अशी की हाच पॅलाडिन, याच हाताने, क्युअर वून्ड्स टाकून खटक्याला उठवू शकला असता. तो स्पेल पॅलाडिनच्या यादीत असतो. पण ले ऑन हँड्स हाताशी असताना क्युअर वून्ड्स कशाला तयार ठेवायचा, म्हणून त्याने त्या दिवशी तो तयार केलेलाच नव्हता. नव्वद टक्के पॅलाडिन हेच करतील. कन्स्ट्रक्ट सोबती असेल तर हे गणित उलटं होतं.

मी त्याला ॲक्शन मागे घेऊ दिली आणि दहा पॉइंट परत लिहायला लावले. वर झॅनाथर्स गाइड शत्रूला स्लॉट परत देत नाही आणि मी मित्राला पॉइंट परत देतो, हा दुटप्पीपणा वाटेल. फरक माहितीचा आहे. फॅनॅटिकने खटक्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. पॅलाडिन त्याच्यासोबत महिनोन्महिने हिंडला आहे. आपला हात याला लागत नाही हे खेळाडूला ठाऊक नसलं तरी कॅरेक्टरला ठाऊक असणारच.

पॅलाडिनने पिशवीतून हीलिंग पोशन काढलं. आता काका उखडले: "अरे, तो पीत नाही!"

खटक्याला खाण्यापिण्याची, श्वास घेण्याची गरज नाही, एवढंच मेकॅनिकल नेचर सांगतं. पिता येत नाही असं कुठे म्हटलेलं नाही. पोशनचा मजकूर म्हणतो, प्यायलं की हिट पॉइंट परत मिळतात. पिणारा कोण हे तो विचारत नाही. दुसऱ्याला पाजायला एक ॲक्शन लागते. दोन डी-चार अधिक दोन: तीन, दोन, म्हणजे सात. खटक्या सात हिट पॉइंटांवर डोळे उघडून बसला. याच न्यायाने गुडबेरीही चालेल.

पाचवा पेच: लढाईनंतरची दहा मिनिटं

लढाई जिंकली, पण लांबून घंटा वाजली. मी सांगितलं की पहारेकरी यायला दहा-एक मिनिटं आहेत. शॉर्ट रेस्टला एक तास लागतो, तो शक्य नव्हता. काकांनी प्रेअर ऑफ हीलिंग सुरू केला, त्याला बरोबर दहा मिनिटं लागतात. बाकी तिघांना लाभ, खटक्या कोरडा.

पण त्याच दहा मिनिटांत झुळूक शेजारी बसून मेंडिंग टाकत राहिली. मेंडिंग ही साधी कॅन्ट्रिप: चिरलेलं, फाटलेलं जोडते, टाकायला एक मिनिट, स्लॉट लागत नाही. ऑटोनोमवर मेंडिंग टाकला की तो स्वतःचा एक हिट डाय (बरं होण्यासाठी जवळ असलेला फासा) खर्च करून तेवढे अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतके हिट पॉइंट मिळवतो. खटक्याने तीन डी-आठ फेकले: पाच, तीन, सात, आणि प्रत्येकी दोन. २१ मिळाले, तो २८वर पोचला. अजून दोन हिट डाय शिल्लक होते, ते त्याने राखून ठेवले.

हा गुण लोक शोभेचा समजतात. खरं तर इतर कॅरेक्टर्सना सहसा शॉर्ट रेस्टच्या एका तासाशिवाय हिट डायला हात लावता येत नाही. ऑटोनोम पाच मिनिटांत पाचही वापरू शकतो. मरणाच्या दारात मात्र याचा उपयोग नाही. एका मिनिटात दहा राउंड होतात आणि डेथ सेव्हचा निकाल जास्तीत जास्त पाच फाशांत लागतो. आधी स्पेअर द डाइंगने स्थिर करायचं, मग मेंडिंग. बेशुद्ध असताना हिट डाय खर्च करता येतो का, असं काकांनी विचारलं. मजकूर ॲक्शन मागत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

यादी वाढवायची का?

खेळ आटोपल्यावर पॅलाडिनच्या खेळाडूने रीतसर मागणी केली: ले ऑन हँड्स यादीत घाल. त्याच्या बाजूने सगळ्यांत वजनदार मुद्दा वॉरफोर्ज्डचा होता. २०१९च्या एबेरॉन पुस्तकात वॉरफोर्ज्ड ह्युमनॉइड आहे. लाकूड, दगड, धातू यांचा बनलेला, खात नाही, झोपत नाही, तरी ह्युमनॉइड. त्याला ले ऑन हँड्स बिनतक्रार लागतं. व्हॅन रिक्टेन्स गाइडमधला अर्धा व्हॅम्पायर असलेला डॅम्पीरही ह्युमनॉइडच. मग पत्र्याच्या खटक्यानेच काय घोडं मारलं?

उत्तर दुसऱ्या पारड्यात आहे. वॉरफोर्ज्डला होल्ड पर्सन लागतो, चार्म पर्सन लागतो, क्राउन ऑफ मॅडनेस लागतो, पुढे डॉमिनेट पर्सन आणि मॅजिक जारही लागतात. खटक्याला यातलं एकही लागत नाही. डिटेक्ट ईव्हिल अँड गुडमध्ये झुळूक फे म्हणून दिसते, खटक्या दिसत नाही, कारण त्या स्पेलच्या सहा टाइपांत कन्स्ट्रक्ट नाही. प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड टाकलेल्या शत्रूवर झुळूकला हल्ला डिसॲडव्हान्टेजने करावा लागतो, खटक्याला नाही. फे असण्याची किंमत झुळूक देते, तशी कन्स्ट्रक्ट असण्याची किंमत खटक्याने द्यावी.

ही किंमत कायम सारखी राहत नाही. पाचव्या लेव्हलला व्यवहार खटक्याच्या फायद्याचा आहे: होल्ड पर्सन सगळीकडे भेटतो आणि यादीतले पाच स्पेल पुरतात. पुढे शत्रू होल्ड मॉन्स्टर आणि डॉमिनेट मॉन्स्टर वापरू लागतात, जे कन्स्ट्रक्टला लागतात. आणि आपल्याकडे ७० हिट पॉइंट देणारा हील येतो, जो त्याला लागत नाही. म्हणून यादी आज वाढवायची नाही, असं मी ठरवलं. अकराव्या लेव्हलला काकांच्या हाती हील येईल, त्याच्या आसपास खटक्याच्या निर्मात्याचा माग काढायची मोहीम ठेवायची, आणि तो सापडला तर यादीत एक नाव वाढेल. कोणतं, ते खटक्याने ठरवायचं. पॅलाडिनने दुसऱ्या सकाळी क्युअर वून्ड्स तयार केला.

जाता जाता शॅटरचंही सांगून ठेवतो, कारण तो पुढच्याच खेळात आला. शॅटर टाइप पाहत नाही. दगड, धातू, स्फटिक अशा निर्जीव द्रव्याचा जीव असेल तर सेव्हला डिसॲडव्हान्टेज देतो. खटक्या पत्र्याचा, तेव्हा त्याला तो भोगावा लागला. हीट मेटल मात्र धातूची वस्तू मागतो, आणि खटक्या वस्तू नसून जीव आहे. त्याच्या हातातला खंजीर तापेल, तो स्वतः नाही.

२०२४च्या पुस्तकांनंतर

२०२४च्या प्लेयर्स हँडबुकने क्युअर वून्ड्स, हीलिंग वर्ड, स्पेअर द डाइंग आणि ले ऑन हँड्स यांमधून अनडेड-कन्स्ट्रक्टचं ते वाक्यच काढून टाकलं. होल्ड पर्सन मात्र ह्युमनॉइडपुरताच ठेवला. त्या पुस्तकातले दहाही स्पीशीज ह्युमनॉइड आहेत, म्हणून तिथे हा फरक कुणाला जाणवत नाही. जुना ऑटोनोम त्यात आणून बसवला की लगेच जाणवतो: हीलिंग मशीनची यादी जवळपास बिनकामाची होते, किंमत उडते आणि फायदा तसाच राहतो. वर २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलने गॉब्लिनला फे, नोलला फीन्ड आणि कोबोल्डला ड्रॅगन केलं, त्यामुळे खेळाडूंच्याच होल्ड पर्सनला गिऱ्हाईक कमी झालं.

आमची मोहीम २०१४वरच चालू आहे. नियम बदलायचे झाले तर काकांचं मत आहे की खटक्याला ह्युमनॉइड करून टाकावं. मी तसं करणार नाही. मेंडिंगने हिट डाय वापरायची सोय तेवढी शॉर्ट रेस्टमागे एकदाच ठेवीन आणि टाइप आहे तसाच राहू देईन.